बांधावरचा तरवड: वाचकांचे प्रश्न

नवरात्राच्या अंकात मी घटाच्या माळेतल्या तरवडावर, म्हणजे टेकड्यांवरच्या त्या पिवळ्या फुलांच्या झुडपावर, चार ओळी लिहिल्या होत्या, एवढंच म्हटलं होतं की ज्याचं फूल आपण देवीला वाहतो त्याचं झाड मात्र लावायचं कोणाच्या मनात येत नाही, टेकडीवर जायचं आणि ओरबाडून आणायचं एवढंच आपलं त्याच्याशी नातं. तेव्हापासून पत्रं येतायत, व्हॉट्सअॅपवर फोटो येतायत, आणि आता आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, मृग तोंडावर आलाय म्हणून ह्या वेळचं सगळं सदर तरवडालाच देतेय. बाकीचे प्रश्न, गुलाबाचे, मोगऱ्याचे, पुढच्या महिन्यात नक्की घेईन.

प्रश्न: ताई नमस्कार, मी पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. शाळेच्या तारेच्या कंपाउंडला लागून काहीतरी आपल्याच मातीतलं, उंच वाढणारं, पिवळ्या फुलांचं लावायचं होतं म्हणून तुमचा लेख वाचून मुलांना घेऊन टेकडीवरून तरवडाच्या शेंगा आणल्या, बी काढलं, वाफा केला, साठ बिया पेरल्या, महिनाभर झारीने पाणी घातलं आणि एकही उगवलं नाही. मुलं रोज येऊन बघायची. टेकडीवर कोणी पाणी घालत नाही तरी तिथे रान माजतं आणि आम्ही एवढं करून काहीच नाही, आमचं चुकलं काय?

उत्तर: मॅडम, पाणी कमी पडलं म्हणून नाही, बी जागं झालं नाही म्हणून उगवलं नाही. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं, चाळीस बिया पेरल्या होत्या, तीन आल्या, त्यातली एक खारीने नेली. तरवडाच्या बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आतच जात नाही, ते बी मातीत महिनोन्महिने नुसतं पडून राहतं. टेकडीवर ते उन्हाने तापतं, दगडमुरुमात घासलं जातं, पावसात भिजतं, पुन्हा तापतं, आणि हजारातलं थोडंसंच फुटतं. आपल्याला दिसतं ते फुटलेलं, पडून राहिलेलं दिसत नाही.

आता करायचं असं. बी आधी नीट निवडून घ्या. तरवडाच्या चपट्या शेंगा असतात, कागदासारख्या पातळ, वाळल्या की तपकिरी होतात, एका शेंगेत डझनभर ते वीस बिया. संक्रांतीपासून होळीपर्यंत त्या वाळलेल्या मिळतात, काही झाडांवर अजूनही लटकलेल्या असतील, त्यामुळे ह्या वर्षीची संधी गेली असं समजू नका. बीवर बारीक गोल भोक दिसलं तर आतून कीड खाऊन गेलीय, ते टाकून द्यायचं. उरलेलं पाण्यात टाकायचं, तरंगेल ते पोकळ, बुडेल ते चांगलं.

मग संध्याकाळी पातेल्यात पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, चार-पाच मिनिटं थांबायचं आणि त्या कढत पाण्यात बी टाकून वर झाकण ठेवायचं, सकाळपर्यंत तसंच. गॅसवर पाणी उकळत असताना बी टाकायचं नाही हं, ते शिजतं, डाळ शिजते तसं. सकाळी बघाल तर काही बिया फुगून दुप्पट झालेल्या असतात आणि काही तशाच चकचकीत, कडक. फुगलेल्या त्याच दिवशी पेरायच्या, न फुगलेल्यांना दुसऱ्या संध्याकाळी परत तोच कार्यक्रम. शाळेत मुलांकडून करून घ्यायचं असेल तर गरम पाण्यापेक्षा पॉलिशपेपर बरा, बी चिमटीत धरून एका बाजूने आतला फिकट रंग दिसेपर्यंत घासायचं आणि मग साध्या पाण्यात रात्रभर ठेवायचं. साठ बिया तीस मुलांनी घासल्या तर एक तास पुरे, आणि बी का उगवत नाही हे त्यांना पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

पेरायचं पिशवीत, खोल नाही, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं. मातीत निम्मी वाळू किंवा बारीक मुरूम आणि मूठभर कुजलेलं शेणखत, बस. पिशवीत फार दिवस ठेवू नका कारण ह्याचं सोटमूळ सरळ खाली जातं, पिशवीच्या बुडाशी वळायला लागलं की नंतर जमिनीत लावूनही ते वळलेलंच राहतं आणि झाड कायमचं कमजोर होतं. वीतभर झालं की लावून टाकायचं, म्हणजे आता रोहिणीत पेरलं तर जुलैच्या चांगल्या पावसात. खड्डा फूटभर लांब-रुंद-खोल, दोन रोपांत पाच फूट अंतर, कारण हे झाड माणसाएवढं होतं आणि रुंदीलाही तेवढंच पसरतं, चांगल्या जमिनीत डोक्याच्या वर जातं.

ऊन पूर्ण पाहिजे. वर्गाच्या भिंतीच्या सावलीत लावाल तर नुसतं उंच पळेल आणि फुलणार नाही. काळ्या मातीत लावत असाल तर जागा जरा उंच करून घ्या, पावसाळ्यात बुडाशी पाणी साचून राहिलं की मूळ सडतं, मुरमाड जमिनीत तो त्रास नाही. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाणी, नंतर नाही दिलं तरी चालतं, आणि युरिया तर कधीच नको, युरियाने पाला वाढतो, फूल कमी होतं. फुलं साधारण दुसऱ्या पावसाळ्यानंतर धरतात, त्यामुळे पहिल्या वर्षी फूल नाही म्हणून उपटून टाकू नका. गुरं ह्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर चराऊ टेकडीवर ते टिकून आहे, पण शेळी कोवळा शेंडा खाऊन बघतेच, पहिलं वर्ष काट्या लावा.

एक सांगायचं राहिलं. होळीच्या सुमारास, शेंगा काढून झाल्या की, कमरेएवढं ठेवून छाटायचं. न छाटलेलं झाड तीन-चार वर्षांत खालून उघडं पडतं आणि फुलं सगळी वर शेंड्याला येतात, शाळेतल्या मुलांना दिसायची तर ती डोळ्यांसमोर पाहिजेत.

प्रश्न: मी धुळ्याच्या जवळच्या एका गावातून लिहितोय. नर्सरीत तरवड म्हणून रोप घेतलं, चांगलं वाढलं, फुलंही पिवळीच आली पण आमची आई म्हणते हा तरवड नाही. फोटो पाठवलाय. कोण बरोबर?

उत्तर: आई बरोबर, भाऊ. हा प्रकार माझ्यासोबतही घडलाय, एका रोपवाटिकेतून मी हौसेने सहा रोपं आणली होती आणि दीड वर्ष वाढवल्यावर कळलं की ती बागेत शोभेला लावतात ती दुसरीच जात आहे, दिसायला बरीच जवळची. वाईट वाटलं, दीड वर्ष गेलं ना. म्हणून ओळख सांगते. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे बघा, खऱ्या तरवडाला तिथे दोन्ही बाजूंना पानासारखे गोलसर रुंद कान असतात, माणसाच्या कानाच्या पाळीसारखे. शास्त्रीय नावच सेना ऑरिक्युलाटा, त्यातल्या ऑरिक्युलाटाचा अर्थ कान असलेली. तुमच्या फोटोत तिथे नुसती बारीक दोऱ्यासारखी टोकं दिसतायत, कान नाहीत. दुसरी खूण, संयुक्त पानावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, जोड्या असतात ना, तर तरवडाला प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभी गाठ असते, शोभेच्या त्या जातीला फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांत असते. त्या गाठीतून गोड रस येतो आणि मुंग्या तिथे सतत फिरतात, त्यामुळे पानावर मुंग्या दिसल्या म्हणून घाबरून पावडर मारू नका.

आणखी एक घोळ लोक करतात तो टाकळ्याशी. टाकळा म्हणजे ती पावसाळ्यात भाजी करतो ती, तीही ह्याच कुळातली, तीही पिवळी, पण ती एका पावसाळ्याची, गुडघ्या-मांडीएवढी आणि शेंग बारीक लांब वाकडी. तरवड वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप आहे आणि शेंग चपटी.

विकत घ्यायचंच असेल तर कान बघून घ्या, नाहीतर बी आणून घरीच करा.

प्रश्न: ताई, आमचं शेत यावल तालुक्यात, बामणोदच्या बाजूला. भरताची वांगी करतो. बायको म्हणते तरवड बांधावर लावू, नवरात्रात फुलं बाजारात विकता येतील, मी म्हणतो बांधावर झुडूप म्हणजे उगाच अडगळ, पिकाला त्याचा काय उपयोग? आमचे वडील तर हसले, म्हणाले "याले कोनी लावस का?" खरं सांगा, फायदा आहे का काही?

उत्तर: जिभाऊ, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण तरवड लावा असं मी जे सगळ्यांना सांगते ना त्याचं सगळ्यात मोठं कारण तुमच्या वांग्यातच आहे. वडिलांनाही वाचून दाखवा.

वांग्याचं फूल हातात घेऊन बघा. मधोमध पिवळ्या जाड कणसासारखे पुंकेसर उभे असतात. बाकीच्या बऱ्याच फुलांत हे पुंकेसर उभे उकलतात आणि परागकण बाहेर पडतात, कोणीही किडा आला की अंगाला लागतात. वांग्यात तसं नाही, इथे टोकाला फक्त दोन बारीक भोकं असतात, मिठाच्या डबीसारखी, आणि पराग आतच राहतो. तो बाहेर काढायला फूल हलवावं लागतं, वाऱ्याने थोडं हलतं, थोडं काम होतं, पण नीट काम करतो तो भुंगा. मोठा काळा भुंगा, किंवा ती छोटी निळ्या पट्ट्यांची माशी, ती फुलाला पायांनी घट्ट धरते, पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवते आणि सगळं फूल थरारतं, भोकांतून परागाची धूळ उडते. कान देऊन ऐकलं तर कळतं, उडताना भुंग्याचा आवाज जाड असतो आणि फुलावर बसून थरथरवतो तेव्हा एकदम बारीक, चढा, झीं झीं झीं असा तुटक. मधमाशीला हे जमतच नाही, पेटीतली सातेरी असो की रानातली आग्या, ती वांग्याच्या फुलावर आली तर सांडलेलं वेचते, एवढंच.

आता तरवडाचं फूल बघा, पाच पिवळ्या पाकळ्या आणि मधे वाकडे लांब-आखूड पुंकेसर, तेही टोकाला भोक असलेलेच. म्हणजे हे फूलही थरथरवल्याशिवाय पराग देत नाही. ह्या फुलात मध नसतो, भुंगा येतो तो फक्त परागासाठी, आपल्या पिल्लांना खायला घालायला. मधल्या पुंकेसरांतला पराग तो गोळा करून नेतो आणि खालच्या लांब वाकड्या पुंकेसरांतला त्याच्या अंगावर उडतो आणि दुसऱ्या फुलाला लागतो, एकाच फुलात जेवणही आणि कामही, मला हे जेव्हा पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अर्धा तास उन्हात तिथेच बसून होते.

मग हिशोब असा की जो भुंगा तरवडावर जगतो तोच वांग्यावर काम करतो. वांगं फुललेलं नसतं तेव्हा त्याने खायचं काय? आपण बांध साफ केले, पेटवले, तणनाशक मारलं, आणि मग म्हणतो भुंगे गेले कुठे. तरवड पावसाळ्यापासून पार हिवाळ्यापर्यंत फुलत राहतो, तेवढे महिने त्यांचं पोट भरतं आणि ते तुमच्या शेताच्या आजूबाजूला टिकतात. टोमॅटोलाही हाच नियम. तुरीवरही हे मोठे भुंगे येतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, बियाणं, माती, पाणी ह्या सगळ्याचं त्यात कौतुक झालं, ते व्हायलाच हवं, पण त्या फुलावर सकाळी येऊन राबणाऱ्या भुंग्यालाही त्या कौतुकातला वाटा द्या असं मला मनापासून वाटतं.

पण खोटी आशा लावत नाही. तरवड लावला की फूलगळ बंद होईल असं नाही. वांग्याला काही फुलं आखूड दांडीची येतातच, म्हणजे मधला स्त्रीकेसर पुंकेसरांच्या आतच दडलेला, ती फुलं बहुतेक गळतातच, भुंगा येवो न येवो. लांब दांडीचं फूल, ज्याचं टोक पुंकेसरांच्या बाहेर डोकावतं, ते फळ धरतं, आणि तिथे भुंग्याचा उपयोग. शिवाय वांगं स्वतःच्या परागावरही धरतं, त्यामुळे भुंगा नाही म्हणून शेत रिकामं राहणार नाही, भुंगा असला की फळ जास्त धरतं आणि चांगलं भरतं, एवढं म्हणेन.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फवारणी. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आपण किती औषधं मारतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. सकाळी फूल उमलल्यावर भुंगे येतात, नेमका त्याच वेळी पंप खांद्यावर असतो. मारायचंच असेल तर सूर्य कलल्यावर मारा, त्याआधी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावा, पोखरलेले शेंडे दिसतील तसे तोडून नष्ट करा. बांधावर तरवड लावून सकाळी सात वाजता औषध मारलं तर आपणच जेवायला बोलावून विष घातल्यासारखं होईल.

राहायलाही जागा लागते त्यांना. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात नाहीतर बांबूत भोक पाडून घर करतो. माझ्याकडे शेवग्याचा एक जुना ओंडका आहे तो मी मुद्दाम ठेवलाय, शिवाय वाळक्या बांबूचे हातभर तुकडे गोठ्याच्या वळचणीला आडवे बांधलेत. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत घर करते, जुन्या धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीत ती बारीक भोकं दिसतात ना, त्यात. ती भिंत सिमेंटने लिंपली की तिचं घर गेलं. गोठ्याची एखादी भिंत तशीच राहू द्या. मात्र भुंग्यांना लाकूड पाहिजे म्हणून कपाशीच्या पऱ्हाट्या रचून ठेवू नका, त्यात गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पुढच्या वर्षी तुमच्याच कपाशीवर येते.

नवरात्रातल्या फुलविक्रीचं वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, टेकडीवरचं ओरबाडण्यापेक्षा बांधावरचं विकलेलं कधीही चांगलं. फक्त सगळी फुलं तोडू नका, निम्मी झाडावर ठेवा, भुंग्यालाही पाहिजेत आणि पुढच्या बीलाही.

प्रश्न: चोपड्याकडे आमची दहा एकर केळी आहे. केळीच्या बागेभोवती तरवड लावला तर घड मोठा येईल का?

उत्तर: नाही येणार दादा. आपण खातो त्या केळीला परागीभवन लागतच नाही, फळ त्याच्याशिवाय धरतं, म्हणून तर केळ्यात बी नसतं. त्यामुळे केळीसाठी लावू नका. पण बांधावर दोन झाडं भाजीपाल्यासाठी, घरच्या वांग्या-टोमॅटोसाठी लावत असाल तर लावा, पाटाच्या पाण्यापासून लांब.

प्रश्न: ताई, दीड वर्ष वाढवलेल्या माझ्या तरवडाची पानं हिरव्या अळ्यांनी आठ दिवसांत साफ केली, नुसत्या काड्या राहिल्या. शेजारच्या काकांनी औषध दिलंय, मारू का? (अमळनेर)

उत्तर: थांब गं, मारू नकोस, आधी हे वाच. ती अळी हिरवी आहे, अंगाच्या बाजूने बारीक काळ्या ठिपक्यांची ओळ आणि खाली पांढरट पट्टा आहे ना? मग ती त्या पांढरट-पोपटी फुलपाखरांची अळी आहे जी पावसाळ्यात थव्याने उडताना दिसतात, रस्त्यावरच्या ओल्या मातीवर बसलेली असतात. त्यांच्या पिल्लांचं खाणं म्हणजे तरवड, टाकळा आणि त्याच कुळातली झाडं. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं उभं चिकटवते, तांदळाच्या कणीसारखं. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात.

पानं गेली तरी झाड मरत नाही, पाऊस असला की परत पालवी येते आणि ती पहिल्यापेक्षा दाट येते, मी चार वर्षं बघतेय. तुझं झाड दीड वर्षाचं आहे, तग धरेल. अगदी लहान, वीतभर रोपावर आल्या असत्या तर मी म्हटलं असतं उचलून मोठ्या झाडावर सोड. बहुतेक अळ्या तर पक्षीच उचलतात, माझ्याकडे बुलबुल आणि दयाळ सकाळी येतात ते त्यासाठीच.

परागीभवन करणारे किडे पाहिजेत आणि अळी नको असं होत नाही ना, फुलपाखरू आधी अळीच असतं. फक्त एक कर, ह्या फुलपाखरांना स्वतःला प्यायला मध लागतो आणि तरवडाच्या फुलात तो नाही, म्हणून जवळ पिवळी कोरांटी लाव, तुळशीला मंजिऱ्या राहू दे. कोरांटीही आपलीच, पिवळीच, आणि पाण्याचा हट्ट नाही.

प्रश्न: आम्ही जळगावला फ्लॅटमध्ये राहतो, वर गच्ची आहे. तरवड कुंडीत होईल का? आणि भुंगे येतील म्हणता, पण आमची मुलगी सहा वर्षांची आहे, चावले तर?

उत्तर: दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून त्यात होईल, लहान कुंडीत नाही, सोटमुळाला जागा पाहिजे. पण गच्चीवर पहिल्याच वर्षी उंच पिवळं काही पाहिजे असेल तर मी तुम्हाला ताग पेरायला सांगेन. हिरवळीच्या खताचा ताग, कृषी केंद्रात बी मिळतं, गरम पाण्याची भानगड नाही, पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरला की दीड-दोन महिन्यांत फुलतो, पाच-सहा फूट जातो, पिवळ्या फुलांचे तुरे, आणि त्यावर तोच मोठा काळा भुंगा येतो. गच्चीवर वारा असतो म्हणून काठीला बांधून घ्या. शेतकरी तो फुलावर येताच गाडतात, त्यामुळे फुललेला ताग फार जणांनी बघितलेलाच नसतो. ज्यांचं शेत आहे त्यांनाही सांगते, गाडताना कडेची एक ओळ फुलायला ठेवा. मुलीने तागाच्या बिया तोंडात घालू नयेत एवढं बघा, त्या विषारी असतात.

भुंग्याचं म्हणाल तर तो आकाराने आणि आवाजाने घाबरवतो. झाडापुढे एका जागी तरंगत, तोंडासमोर येऊन बघणारे बहुतेक नर असतात, त्यांना नांगीच नसते. मादीला असते पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा वापरत नाही. मुलीला शेजारी बसवून सकाळी सात-साडेसातला दाखवा, हात न लावता, तो बारीक झीं आवाज ऐकवा. माझी भाची पाच वर्षांची होती तेव्हापासून ओळखते.

प्रश्न: आमचा तरुणांचा ग्रुप आहे, दर पावसाळ्यात धुळ्याजवळ लळिंगच्या बाजूच्या डोंगरांवर सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, टाकतो. ह्या वर्षी पिवळा कॉसमॉस टाकायचा विचार आहे, लवकर येतो, भरपूर फुलतो, फुलपाखरं येतात, फोटोही छान येतात. तुमचं मत?

उत्तर: नका टाकू, हात जोडून सांगते. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोतला. त्यात मध आहे, फुलपाखरं येतात, हे खरंच आहे, कुंडीत लावला आणि बी पडायच्या आत फुलं कापली तर माझी काही हरकत नाही. पण डोंगरावर टाकला की तो स्वतःच बी पाडत सुटतो, एवढा दाट येतो की खालचं गवत आणि पावसाळ्यातली आपली बारीक रानफुलं दबून जातात, पुण्याच्या टेकड्यांवर लोक तो उपटायला जातात. धुळ्याच्या बाजूच्या ह्या कमी पावसाच्या टेकड्यांचं गवत हीच त्यांची श्रीमंती आहे, तितर, ससे, मेंढपाळांची मेंढरं सगळं त्यावर. उघडी दिसते म्हणून ती जागा रिकामी नसते.

तुम्हाला पिवळंच पाहिजे तर त्याच डोंगराच्या पायथ्याशी तरवड असेल, त्याचंच बी घ्या, वर सांगितलंय तसं कढत पाण्यातून काढा, नाहीतर सीडबॉलमध्ये ते वर्षभर झोपून राहील आणि तुम्ही म्हणाल काहीच आलं नाही. मात्र गवताच्या मधोमध टाकू नका, जिथे माती खरवडली गेलीय, रस्त्याच्या कडेला, खाणीच्या उघड्या मुरमावर, अशा जागी टाका. वनखात्याची जमीन असेल तर आधी त्यांना विचारा. आणि एका झाडावरच्या सगळ्या शेंगा काढू नका, प्रत्येक झाडावरून थोड्या थोड्या.

प्रश्न: तरवडाच्या फुलांचा चहा शुगरला चांगला म्हणतात. वडिलांना द्यायचा विचार आहे, किती घ्यायचा?

उत्तर: दक्षिणेत हा चहा पितात, तेलंगणाचं तर हे राज्यफूल आहे आणि बतुकम्मा ह्या तिथल्या फुलांच्या सणाला ह्याच्या फुलांच्या राशी रचतात, पण वडिलांच्या गोळ्या चालू असतील तर वरून हे देताना शुगर एकदम खाली जाऊ शकते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक कपही देऊ नका, आणि गोळ्या तर मुळीच बंद करू नका. किती घ्यायचा हे मी सांगणार नाही.

प्रश्न: बी तुमच्याकडे मिळेल का? (नंदुरबार, शिरपूर, भडगाव अशी बरीच पत्रं)

उत्तर: थोडं आहे, पण खरं सांगू का, तुमच्या गावाच्या टेकडीवरचं बी तुमच्या गावाला जास्त चांगलं, त्याला तिथलं ऊन आणि तिथली माती माहीत आहे. शहाद्याच्या माणसाने अमळनेरचं बी मागवायची गरज नाही. मृगाआधी एक सकाळ काढा, जुन्या वाटेने टेकडीकडे जा, गेल्या नवरात्रात जिथून फुलं तोडली होती त्याच झाडावर बघा, वरच्या फांद्यांना हात पोचला नव्हता तिथे चार-दोन शेंगा वाळून राहिलेल्या असतील. तेवढ्यातून वीस-पंचवीस चांगल्या बिया निघतील, आणि आज संध्याकाळीच पाणी तापवायला ठेवता येईल.